अपोलो बंदरच्या यॉट क्लबचा इतिहास कुणाला माहितीये का? पणजोबा तिथल्या बोटीवर खलाशी होते

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी, इथे जुन्या मुंबईवर जीव असलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय, जरा लांबण लागेल पण सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात गावचं घर (दापोली तालुका, समुद्र चालत दहा मिनिटं) दुरुस्तीला काढलं. कौलं उतरवली, माळ्यावरचं सगळं खाली आणलं आणि त्यात पणजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली. आत दोन वस्तू अशा निघाल्या की घरात कुणालाच धड सांगता येईना. एक लाकडी कप्पी आहे, मुठीत मावेल एवढी, लाकूड काळंकुट्ट पण अजून तुळतुळीत, मधे पितळेचं चाक आणि त्या चाकावर दोर घासून घासून पडलेली चर. चाक अजून फिरतं, मी बोटाने फिरवून बघितलं. दुसरी वस्तू म्हणजे चामड्याचा एक पट्टा. हातात चढवता येतो, अंगठ्यासाठी वेगळं भोक आहे, आणि तळव्याच्या जागी एक लोखंडी चकती बसवलीय जिच्यावर बारीक बारीक खळगे आहेत. मुलगी म्हणाली बाबा हा बॉक्सिंगचा असेल, पण पणजोबा आणि बॉक्सिंग, छे.

मग आत्याला फोन लावला. ती म्हणाली ते मुंबईला 'याट कलबात' होते. म्हणजे मेंबर नव्हेत, एका गोऱ्या साहेबाच्या शिडाच्या बोटीवर खलाशी. साल तिला सांगता येत नाही पण तिच्या वडिलांच्या लहानपणी, म्हणजे १९३० च्या मागेपुढे धरा. नारळी पौर्णिमा झाली की आगबोटीने मुंबईला जायचे आणि पावसाळा लागायच्या आत परत घरी, लावणीला.

मी पंधरा वर्षं मुंबईत आहे, गेटवेवरून मांडव्याची लाँच शेकडो वेळा पकडलीय आणि त्या क्लबच्या दगडी इमारतीकडे कधी मान वर करून बघितलं नाही ह्याचं आता फार वाईट वाटतंय. तर मला एवढं सांगा, क्लब नक्की किती जुना? तिथे एक यॉट क्लब आहे आणि जवळच दुसऱ्या बिल्डिंगला 'ओल्ड यॉट क्लब' म्हणतात, हे दोन कसे? आपल्या लोकांना मेंबर करून घ्यायचे नाहीत हे खरं का? आणि शिडाच्या बोटी अजून चालतात का तिथे? ट्रंकेतल्या वस्तू काय आहेत हे कुणी ओळखलं तर फारच उपकार होतील.

फोर्टचा_भटक्या

काय सुंदर धागा काढलात! मी गेली दहा-बारा वर्षं दर रविवारी सकाळी फोर्ट-कुलाबा पायी फिरतो आणि त्या कोपऱ्यावर माझा पाय हटकून रेंगाळतो, तेव्हा मला माहितीये तेवढं सांगतो.

क्लबची स्थापना १८४६ ची. म्हणजे बघा, मुंबईत रेल्वे धावली १८५३ ला, विद्यापीठ झालं १८५७ ला, तेव्हा गेटवे नव्हता, ताज नव्हतं, किल्ल्याचा तट अजून उभा होता, आणि हे लोक शिडाच्या बोटी घेऊन बंदरात शर्यती लावायच्या गोष्टी करत होते. अमेरिकेतला प्रसिद्ध न्यूयॉर्क यॉट क्लब १८४४ चा, म्हणजे आपला त्याच्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी धाकटा. हे मी फिरायला आलेल्या लोकांना सांगतो तेव्हा कुणाचा पटकन विश्वास बसत नाही.

सुरुवातीला नाव नुसतं बॉम्बे यॉट क्लब. 'रॉयल' लागलं १८७६ ला, गव्हर्नर सर फिलिप वुडहाउस ह्यांनी शिफारस केली आणि व्हिक्टोरिया राणीने पदवी दिली. तो काळच तसा होता. आदल्याच वर्षी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला येऊन गेलेला आणि १८७६ मध्येच राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणायचा कायदा झाला.

आता दोन इमारतींचं. १८८० च्या सुमारास क्लबने अपोलो बंदरावर, आपले लोक ज्याला पालव बंदर म्हणायचे तिथे, अगदी पाण्याला लागून क्लबहाउस बांधलं. मग मेंबर लोकांना राहायला जागा हवी म्हणून रस्त्याच्या पलीकडे, समोरासमोर, राहायच्या खोल्यांची वेगळी इमारत उभी केली, ती १८९६ ची. तिचा आर्किटेक्ट जॉन अ‍ॅडम्स. शैली व्हेनिशियन गॉथिक आणि त्यात इंडो-सारसेनिक मिसळलेली, टोकदार कमानी, उतरती छपरं, खाली जाडजूड दगड. तुम्ही लाँचला जाताना जिला क्लब म्हणून ओळखता ती ही, राहायच्या खोल्यांवाली. समुद्रालगतचं मूळ क्लबहाउस म्हणजेच 'ओल्ड यॉट क्लब'. ते स्वातंत्र्यानंतर क्लबकडे राहिलं नाही, ती गोष्ट इथे दुसरं कुणीतरी माझ्यापेक्षा चांगली सांगेल.

आणखी एक, पुढच्या वेळी गेलात की गेटवे तिथे नाहीये असं समजून बघा. ताज १९०३ ला आलं. पंचम जॉर्ज १९११ ला उतरला तेव्हा आजची कमान नव्हती, ती पुरी होऊन उघडली १९२४ ला. म्हणजे चाळीसेक वर्षं त्या काठावर हा क्लब दिमाखात होता आणि गेटवे हा त्याच्या शेजारी नंतर राहायला आलेला. तुमच्या पणजोबांच्या काळात मात्र तिन्ही होते, तुम्हाला आज दिसतं जवळपास तेच दृश्य ते होडीतून बघत असणार.

ट्रॉम्बे_रिटायर्ड

भटक्या साहेबांनी बॉल माझ्याकडे टोलवलाय असं समजून लिहितो. मी अणुऊर्जा खात्यातून निवृत्त झालेला माणूस. आमच्यात त्या इमारतीला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, 'ओवायसी' म्हणतात. "फाइल ओवायसीला गेलीय" असं कॅन्टीनमधे कुणी म्हटलं की नवीन पोरांना वाटायचं हे कुण्या साहेबांचं नाव. मलाही वाटलेलं.

त्याचं झालं असं की टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ ला सुरू झाली, आधी बंगलोरला आणि मग त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईला पेडर रोडवर केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात. होमी भाभांचा जन्म त्याच घरातला. जागा पुरेना तेव्हा १९४९ ला संस्था आली ती ह्या यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत. पुढे १९६२ ला कुलाब्याच्या टोकाला संस्थेची आजची इमारत झाली आणि नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. मधली बारा-तेरा वर्षं देशातलं गणित आणि भौतिकशास्त्रातलं केवढं तरी मोठं काम त्या समुद्राकाठच्या खोल्यांमधून झालं. १९५४ ला अणुऊर्जा खातं स्थापन झालं, त्याचा कारभारही त्याच भागात आला आणि अजून आहे. अणुशक्ती भवन शेजारीच.

मी कामाला लागलो १९८० च्या दशकात. सह्यांसाठी तिथे चकरा व्हायच्या. मला आठवतात ते जुने लाकडी दरवाजे आणि खिडकीतून येणारा खारा वारा. फाइलीतले कागद त्या हवेने मऊ पडून कडांना वळायचे, प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेपरवेट असायचेच. एकदा साहेबांची वाट बघत खिडकीशी उभा होतो, भरतीची वेळ होती, पाणी इतकं जवळ की वाटावं आपण बोटीच्या डेकवरच आहोत. तिथले एक जुने शिपाईमामा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, इथं आपल्याला उभं राहू देत नव्हते." एवढंच बोलले आणि ट्रे घेऊन गेले. मी आजवर ते विसरलो नाही. ज्या वास्तूत हिंदी माणसाला मेंबर म्हणून जागा नव्हती तिथे स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांत आपले शास्त्रज्ञ बसून आपल्या देशाचा अणुकार्यक्रम आखायला लागले, ह्याचा मला फार अभिमान आहे.

बंदरकाठची

मेंबरशिपचा प्रश्न आलाय तर लिहिते, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

हो, खरं आहे. ब्रिटिश काळात क्लब फक्त युरोपियनांसाठी होता. आणि असा तो एकटाच नव्हता, मुंबईतले त्या काळचे मोठे गोरे क्लब बहुतेक असेच. लॉर्ड विलिंग्डन मुंबईचे गव्हर्नर होते १९१३ ते १९१८, त्यांना ही गोष्ट खटकली आणि हिंदी आणि युरोपियन दोघांनाही दार उघडं असलेला एक नवीन क्लब त्यांनी मुद्दाम काढला, तो विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब. गव्हर्नरला वेगळा क्लब काढावा लागतो म्हणजे बाकीच्यांची दारं किती घट्ट बंद असतील बघा.

मला ह्यात सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. त्या क्लबपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर गोदी आहे. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून १७३६ ला मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शंभर-सव्वाशे वर्षं तिथे जहाजं बांधली, सागवानी, इतकी मजबूत की ब्रिटिश नौदल इथून जहाजं करून घ्यायचं. १८१७ ला मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमधे हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. चीनबरोबरचा १८४२ चा नानकिंगचा तह ज्या कॉर्नवॉलिस जहाजावर झाला तेही मुंबईचंच. त्याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी १८४१ ला लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, पहिले भारतीय. आणि त्यानंतर पाच वर्षांनी त्याच बंदरात बोटींच्या हौशीचा क्लब निघतो आणि ज्यांना बोट बांधायची अक्कल जगात सगळ्यात जास्त ते दाराबाहेर. मी हे पहिल्यांदा ताळा लावून बघितलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

आणि शीड वापरायचं ज्ञान काही क्लबबरोबर आलं नाही हो. बंदराच्या तोंडाशी खांदेरी बेट आहे, १६७९ ला महाराजांच्या छोट्या होड्यांनी तिथे इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना कसं जेरीस आणलं ते आपल्याला माहितीये. वारा कुठून फिरतो, ओहोटी कुठे ओढते, खडक कुठे हे त्या पाण्यातल्या माणसांना पाठ. पुढे साहेबाच्या बोटीवर खलाशी म्हणून आला तो ह्याच किनाऱ्यावरचा माणूस, कुणी कोळी, कुणी भंडारी, कुणी खारवी, कुणी दालदी. शर्यतीच्या निकालात बोटीचं नाव यायचं, मालकाचं नाव यायचं, दोर ओढणाऱ्याचं येत नसे. म्हणून खाडीपल्याड, तुमच्या ट्रंकेतली ती कप्पी मला कपाटातल्या कुठल्याही चांदीच्या कपापेक्षा मोलाची वाटते, खरंच. तिचे नीट फोटो काढून ठेवा, मोजमाप लिहा, आत्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, आत्ता करा, पुढच्या मे महिन्यावर ढकलू नका.

सडेतोड_कोकणी

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे पण मला एक कळत नाही, आपल्याला दारात उभं न करणाऱ्यांचा इतिहास आपण एवढ्या प्रेमाने का उगाळायचा? आणि नावात 'रॉयल' अजून कशाला? माझं मत, ते नाव काढून टाकावं आणि विषय संपवावा.

उधाण

सडेतोड भाऊ, तुमचा राग मला कळतो. पण विषय संपवला तर खाडीपल्याड ह्यांचे पणजोबाही त्यात संपतात ना. इतिहास फक्त मालकांचा नाहीये, म्हणूनच तर तो आपण सांगायला हवा. नावाचं म्हणाल तर ते आहे तसं असू दे असं मला वाटतं, ते वाचून लोक विचारतात 'रॉयल कसं काय' आणि मग अर्देशीर शेटपर्यंत सगळं सांगता येतं.

आता मुख्य मुद्दा. मी गेली अठ्ठावीस वर्षं मुंबई बंदरात शिडाच्या बोटी चालवतोय, आधी मित्राच्या बोटीवर हाताखाली आणि मग स्वतः. खाडीपल्याड, तो चामड्याचा पट्टा बॉक्सिंगचा नाही, शीड शिवायचा आहे! शिंप्याचं अंगुस्तान असतं ना बोटात घालायचं, तसं हे अख्ख्या तळहाताचं अंगुस्तान. शिडाचं कापड जाड, त्यात कडेला तीन-चार पदर, सुई तिकोनी टोकाची आणि दणकट, ती बोटाने ढकलली जात नाही. मग सुईचं बूड त्या चकतीच्या खळग्यात टेकवायचं आणि तळहाताच्या जोराने दाबायचं. खळगे त्यासाठीच, सुई घसरून हातात घुसू नये म्हणून. उजेडात नीट बघा, मधले खळगे कडेच्या खळग्यांपेक्षा जास्त झिजलेले असतील. तसं असेल तर पणजोबांनी तो भरपूर वापरलाय.

त्या काळी शिडं सुती कॅनव्हासची. आज आपण वापरतो ती पॉलिएस्टरची शिडं १९५० नंतर आली. सुती शीड खाऱ्या पाण्यात भिजलं आणि तसंच घडी घालून ठेवलं की बुरशी धरतं आणि कुजतं, मग पहिल्या जोराच्या वाऱ्यात टर्रकन फाटतं. म्हणून शर्यत संपली, साहेब वर गेले की खलाशांचं काम सुरू व्हायचं, गोड्या पाण्याने धुवा, सुकवा, उसवलेली शिवण पुन्हा घाला. बोट हाकणं हा दोन-तीन तासांचा खेळ, बोट राखणं हा रोजचा धंदा. अजूनही तसंच आहे, आजही जो माणूस बोट राखतो तोच तिला सगळ्यात जास्त ओळखतो.

कप्पीचं सांगायचं तर गावाकडच्या मचव्यांवरची (शिडाच्या मोठ्या होड्यांवरची) कप्पी बहुतेक अख्खी लाकडी असते. पितळी चाक म्हणजे हौशी बोटीची, तुमच्या आत्यांची गोष्ट त्याला जुळते.

आणि ते नारळी पौर्णिमेला जाणं आणि पावसाळ्याआधी येणं, ते वाचून माझ्या अंगावर काटा आला कारण आमचा हंगाम आजही तोच आहे. मे महिन्याच्या शेवटी शेवटी बोटी पाण्यातून वर घ्यायच्या, डोलकाठी उतरवायची, झाकून ठेवायच्या, आणि पाऊस ओसरला की रंगरंगोटी करून पुन्हा पाण्यात. जूनच्या वाऱ्यात बंदरात नांगरलेली छोटी बोट टिकत नाही. आगबोटीही पावसाळ्यात बंद असायच्या, त्यामुळे खलाशाला त्याच्या आधीच निघावं लागायचं. इकडे बोट वर, तिकडे भात खाली, सगळं एका घड्याळावर.

बोटी चालतात का, तर हो, चालतात! हंगामात रविवारी दुपारी मांडव्याच्या लाँचच्या डाव्या-उजव्या बाजूला नीट बघा, पांढरी तिकोनी शिडं दिसतील. सीबर्ड नावाच्या वर्गातल्या (म्हणजे एकाच आराखड्याच्या) बोटी मुंबईत पिढ्यान् पिढ्या चालत आल्यात, त्याशिवाय नव्या वर्गातल्या आहेतच. शर्यत दुपारची का तर शाळेत भूगोलात शिकलो ते, खारे वारे आणि मतलई वारे. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई हळूहळू मरतो, मधे तास-दीड तास पाणी आरशासारखं, आणि मग एक-दीड वाजता वायव्येकडून खारा वारा भरतो. तो येताना दिसतो, पाण्यावर गडद पट्टा सरकत येतो. त्या क्षणी पोटात जे होतं ते मला लिहिता येत नाही.

पण मुंबई बंदरात वाऱ्यापेक्षा पाणी जास्त खेळवतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. जुने तांडेल (होडीचे म्होरके) घड्याळाशिवाय सांगायचे, तिथीची पाऊणपट करा की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. मी ॲपवर ताडून बघितलंय, थोडं इकडेतिकडे होतं पण मोबाइलशिवाय ह्याहून काय पाहिजे. माझ्या पहिल्या हंगामात एका शर्यतीत वारा पडला आणि ओहोटी सुरू झाली, आमची बोट शीड भरलेलं असून मागे मागे जायला लागली. बोटीवर एक म्हातारे तांडेल होते, ते काही न बोलता उठले, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, गेले आणि छोटा नांगर आवाज न करता अलगद पाण्यात सोडला. आमच्या पुढच्या तीन बोटी ओहोटीने आमच्या मागे गेल्या आणि आम्ही एका जागी उभं राहून दुसरे आलो. आवाज का नाही केला विचारलं तर म्हणाले, "आवाज ऐकला असता तर त्यांनी पण टाकला असता."

आणि सडेतोड भाऊ, शेवट काय झाला तेही बघा. १९८२ च्या एशियाडच्या बहुतेक स्पर्धा दिल्लीत, पण यॉटिंग मुंबईत झालं आणि फारोख तारापोर आणि झरीर करंजिया ह्यांनी फायरबॉल वर्गात ह्याच पाण्यात सुवर्ण मिळवलं. निवृत्त कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले, फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन असे फक्त चार मुक्काम करून मे २०१० ला मुंबईतच परत आले, शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. मराठी माणसाने चालवलेली, मराठी आडनावाच्या माणसाने बांधलेली, नाव आपल्या नदीचं.

कॉर्कहून

मी गेली सहा वर्षं आयर्लंडमधे कॉर्कला राहतो, मूळचा ठाण्याचा. हा धागा वाचून राहवलं नाही. जगातला सगळ्यात जुना यॉट क्लब माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, रॉयल कॉर्क यॉट क्लब, स्थापना १७२०. तेव्हा नाव होतं वॉटर क्लब, हॉलबोलिन नावाच्या बेटावर भरायचा, मेंबर फक्त पंचवीस. त्यांचे जुने नियम वाचायला फार गोड आहेत. एक नियम असा की जेवणाला मांसाच्या दोनपेक्षा जास्त डिश आणायच्या नाहीत, म्हणजे कुणी श्रीमंती दाखवून दुसऱ्याला लाजवू नये. आता क्लब क्रॉसहेवनला आहे, १९६६ पासून. मी लहान मुलांना तिथे होडी शिकताना बघत काठावर उभा राहतो आणि मला आपलं बंदर आठवतं.

एक दुवा मला इथे येऊन लक्षात आला. यॉट हा शब्द डच, 'याख्त', अर्थ शिकारीचा, म्हणजे पाठलाग करणारी वेगवान बोट. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला १६६० ला अॅम्स्टरडॅमकरांनी 'मेरी' नावाची अशी बोट भेट दिली आणि तिथून इंग्लंडमधे यॉटची हौस सुरू झाली. आणि हाच तो राजा ज्याला पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न ठरलं तेव्हा १६६१ च्या करारात मुंबई हुंड्यात मिळाली! दोन वर्षांच्या आत एकाच माणसाच्या पदरात यॉट पण आली आणि मुंबई पण. पुढे १६६८ ला त्याने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, आणि बोटी मात्र स्वतःकडे ठेवल्या.

आणि खाडीपल्याड, तुमची आत्या 'याट' म्हणते ना, तोच उच्चार मूळ डचच्या जास्त जवळचा आहे.

खाडीपल्याड

काय बोलू. काल रात्री हे सगळं आत्याला फोनवर वाचून दाखवलं, दीड तास लागला, ती मधे मधे "थांब, परत वाच" करत होती. डच उच्चाराचं ऐकून खूश झाली, म्हणाली "बघ, आमचंच बरोबर होतं."

उधाण सर, तुम्ही सांगितलंत तसं चकती खिडकीशी नेऊन बघितली. मधले खळगे खरंच जवळजवळ सपाट झालेत, कडेचे अजून खोल आहेत. आणि अजून एक, पट्टा डाव्या हाताचा आहे. आधी आम्ही उलटा घालून बघत होतो म्हणून अंगठा बसत नव्हता. आत्याला विचारलं तर ती म्हणाली हो रे, ते डावखुरे होते, कोयता पण डाव्या हाताने धरायचे. ऐंशी-नव्वद वर्षांनी त्यांच्याबद्दल ही एक गोष्ट कळली जी माझ्या वडिलांनाही माहीत नव्हती.

बंदरकाठची ताई, आत्याचं रेकॉर्डिंग सुरू केलंय, पहिला भाग अठरा मिनिटांचा झाला. त्यात ती सांगते की ते घरी आले की पहिले आठ दिवस त्यांना अंगणात झोप लागायची नाही, म्हणायचे जमीन हलत नाही.

उधाण सर, तुमची हरकत नसेल तर ह्या रविवारी मी कप्पी आणि पट्टा घेऊन गेटवेला येतो. मुलीला पण आणतोय, तिला पाण्यावरून सरकत येणारा तो गडद पट्टा बघायचाय. किती वाजता येऊ?

उधाण

या की! रविवारी एकादशी आहे, पाऊणपट करा म्हणजे भरती सव्वाआठच्या सुमाराला, दुपारी ओहोटी लागलेली असेल आणि वारा दीडला भरेल. साडेबाराला या. मुलीला टोपी आणा आणि डावखुरी आहे का ते विचारून ठेवा, माझ्याकडे शिडाचा एक फाटका तुकडा आणि तिकोनी सुई आहे.